‘आजोबा ॲम्युनिशन फॅक्टरीत होते’ : एवढ्यावरून पुढे कसं जायचं

पुण्या-मुंबईतल्या, जबलपूरच्या, नागपूरच्या कितीतरी मराठी घरांत हे वाक्य ऐकू येतं. दुसऱ्या महायुद्धात आजोबा, चुलत आजोबा किंवा आईचे मामा शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, बॉम्ब बनवायचे, गोऱ्या साहेबाची त्यांच्यावर मर्जी होती. गोष्ट इथवर येते आणि थांबते. नातवंडं शोध घ्यायला निघतात आणि बहुतेक जण सुरुवातीलाच विचारतात, ‘ते नेमकं काय बनवायचे?’

या प्रश्नाला घरात जे उत्तर मिळतं, ते दंतकथेचं असतं. मग त्या दंतकथेला पुरावा शोधत माणूस दारोदार फिरतो. आईच्या मामांचा शोध घेताना मी हेच केलं आणि त्यात दीड वर्ष घालवलं. मामा कारखान्यात नव्हतेच. ते तपासणी विभागात होते, आणि मी त्यांना कारखान्याच्या कागदांत शोधत होते. म्हणून हा लेख. यातला क्रम मोडू नका. क्रम चुकला की शंभर कागद जमतात आणि माणूस सापडत नाही.

## 1. आधी घरातले कागद, माणसं नंतर

आठवणी विचारायला जाण्याआधी हातात निदान दोन तारखा असाव्यात. त्यासाठी या गोष्टी शोधा: शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजचं प्रमाणपत्र, पेन्शनचे कागद, विम्याची पॉलिसी, लग्नपत्रिका, निरोप समारंभाचा फोटो आणि जुन्या पत्रांची पाकिटं. पत्राइतकंच पाकीट महत्त्वाचं असतं, कारण टपालाच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख असते. पत्र जपून पाकीट फेकणारे पुष्कळ भेटतात.

कागद बहुधा मुलाच्या घरी नसतात. ते मुलीच्या घरी, धाकट्या सुनेच्या माहेरी किंवा गावाकडच्या माळ्यावर सापडतात. पुण्यातलं घर असेल तर ते नदीकाठच्या पेठांत होतं का, ते विचारा. 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात अनेक घरांचे कागद गेले. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या काही कुटुंबांचे 1948 च्या जाळपोळीत गेले. ‘आमच्याकडे काही नाही’ असं उत्तर आलं तर कागद का नाहीत, हेही विचारून घ्या. पुरात गेले असतील, तर त्या माणसाने परगावच्या भावाबहिणींना पाठवलेली पत्रं तरी शिल्लक असू शकतात.

सावधान. दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून असेल तर तिच्यावर विसंबू नका. शाळेत घालताना गुरुजींनी ती बसवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. जन्मपत्रिका मिळाली तर ती धरा. पत्रिकेतल्या शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला 79 लागू शकतात. तेवढं पंचांग पाहून ताडून घ्या.

याच टप्प्यावर त्यांच्या नावाची इंग्रजीतली सगळी रूपं लिहून काढा. सरकारी यादीत बहुतेकदा दोन आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच असतं, आणि आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. गावांचंही तसंच आहे. खडकी त्या काळी ‘किरकी’ होती, पुणे ‘पूना’, जबलपूर ‘जबलपोर’, कानपूर ‘कॉनपोर’. आजच्या नावाने शोधलंत तर यादीतून काही निघणार नाही.

तपासा. एका कोऱ्या पानावर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल, शिक्षणाचं ठिकाण, नोकरी लागल्याचं आणि सुटल्याचं साल एवढं लिहिता येतंय का? निम्म्या जागा भरल्या असतील तर पुढे जा. नसतील तर आणखी एका माळ्यावर चढा.

## 2. ‘ऑर्डनन्स’ म्हणजे नेमकी कुठली जागा

सगळ्यात जास्त शोध इथे फसतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

घरचे म्हणतात, ‘खडकीला ऑर्डनन्समध्ये होते.’ पण युद्धकाळात या शब्दाखाली खडकीत कितीतरी जागा येत. 1869 पासूनची ॲम्युनिशन फॅक्टरी होती. 1940 मध्ये उभी राहिलेली हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी होती. तयार माल तपासून पास किंवा नापास करणारा तपासणी विभाग होता, जो कारखान्याच्या हाताखाली नसे. आज त्या कामाची परंपरा क्वालिटी ॲश्युरन्स महासंचालनालयाकडे आहे. शिवाय लष्कराची वर्कशॉप आणि डेपो होते, बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलाचं ठाणं होतं, आणि थोडं पुढे देहूरोडचे साठे होते. साठवणुकीच्या डेपोत काम करणारा आणि काडतुसाच्या यंत्रावर काम करणारा, दोघेही घरी ‘दारूगोळ्यात’ असल्याचंच सांगत. पण दोघांचे कागद वेगळ्या खात्यांत, आणि आज वेगळ्या शहरांत आहेत.

बदलीही विसरू नका. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी आणि बंगालमधली इशापूरची रायफल फॅक्टरी, दोन्ही 1904 च्या. निलगिरीतल्या अरुवनकाडूची कॉर्डाइट (बिनधुराची दारू) फॅक्टरीही त्याच साली सुरू झाली. जबलपूरजवळ खमरियाचा कारखाना 1942 मध्ये युद्धाच्या गरजेतून उभा राहिला, तेव्हा जुन्या कारखान्यांतली अनुभवी माणसं नव्या जागी लागणारच. खडकीचे मामा दोन वर्षं घरी दिसले नसतील, तर ते सैन्यात गेले असं धरून बसू नका. रेल्वेच्या वर्कशॉपांनीही युद्धकाळात लष्करी माल बनवला, त्यामुळे ‘रेल्वेत होते’ आणि ‘तोफगोळे बनवायचे’ ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी असू शकतात.

आता हुद्दा. घरचा ‘इंजिनिअर’ कागदावर सुपरवायझर, चार्जमन, फोरमन, ड्राफ्ट्समन, एक्झामिनर किंवा असिस्टंट वर्क्स मॅनेजर असतो. चार्जमन, म्हणजे फोरमनच्या हाताखालचा, निघाला म्हणून हिरमुसू नका. गेजमध्ये, म्हणजे ठरलेल्या मापाच्या साच्यात, न बसणारं काडतूस आघाडीवर बंदुकीत अडकतं, आणि ते आधीच थांबवणारा माणूस बहुतेक वेळा याच पायरीवर उभा असे. पण लिहिताना कागदावरचाच हुद्दा लिहा. पदवी कुठून घेतली त्यावरूनही अंदाज येतो. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज 1854 पासूनचं, मुंबईची व्हीजेटीआय 1887 ची. पदविकाधारक आणि पदवीधर वेगळ्या पायरीवर भरती होत, आणि त्यांच्या याद्याही वेगळ्या असत.

‘लंडनला जाऊन तोफ शिकून आले’ अशी गोष्ट असेल तर ती लगेच खोटी ठरवू नका. ब्रिटनचे त्या वेळचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत 1941 पासून हिंदी कारागिरांच्या आणि तंत्रज्ञांच्या तुकड्या ब्रिटनमधल्या कारखान्यांत शिकायला जात होत्या. आमच्याकडची ‘लंडनची’ गोष्ट शेवटी याच योजनेशी जुळली. शहर मात्र लंडन नव्हतं.

तपासा. जागा नक्की नसेल तर घरच्यांना या खुणा विचारा. हात किंवा नखं पिवळी पडायची का? टीएनटी, टेट्रिल यांसारख्या स्फोटकांचं काम करणाऱ्यांच्या त्वचेवर पिवळी झाक येते. दाराशी काडेपेटी, विडी काढून घेत का, आत जाताना बिनखिळ्यांचे जोडे घालायला लावत का? तसं असेल तर तो स्फोटकांचा विभाग. कपड्यांना तेलाचा वास आणि जोड्यांत पितळेचा कीस यायचा का? मग यंत्रखाना. हात स्वच्छ, खिशाला पेन्सिल आणि डोळ्यांची सतत तक्रार? मग तपासणी किंवा ड्रॉइंग ऑफिस शोधा. या खुणा म्हणजे पुरावा नव्हे, पण पुढचा अर्ज कुठे करायचा ते त्यांवरून ठरतं.

## 3. कुणाला आधी भेटायचं

नात्याने जवळचा कोण, यावरून क्रम लावू नका. वय आणि तब्येत पाहून लावा. नव्वदीतल्या आत्याला या आठवड्यात भेटा, साठीतला काका पुढच्या महिन्यात चालेल.

नातेवाइकांची यादी करायला घराण्याचा कुलवृत्तांत असेल तर तो घ्या. आडनावाच्या मंडळांकडे प्रती असतात. त्यात शिक्षण, नोकरी, सासर-माहेर अशा नोंदी मिळतात. जुन्या कुलवृत्तांतांत लेकींची माहिती तोकडी असते आणि नोकरीबद्दलचा मजकूर घरच्यांनीच पाठवलेला असतो, म्हणून त्याचा उपयोग माणसं शोधण्यापुरता करा. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यान्‌पिढ्यांची नावं, गावं आणि यात्रेकरूंच्या सह्या असतात. हरवलेली शाखा तिथे हमखास सापडते असं नाही, पण आमच्या मामांच्या धाकट्या भावाचं गाव आम्हाला तिथेच कळलं.

पुरुषांइतकंच बायकांना विचारा, किंबहुना आधी विचारा. पुरुष हुद्दा आणि साहेबाचं नाव सांगतात. पण बदली कधी झाली, रात्रपाळी कधी होती, पगार कधी वाढला हे घर चालवणारीच्या लक्षात असतं, कारण तिने ते बाळंतपणं आणि बारशांच्या हिशोबाने ठेवलेलं असतं.

## 4. भेट कशी घ्यायची

पहिल्या भेटीत कागद बाहेर काढू नका. आपण आणलेली माहिती समोर ठेवली की म्हातारं माणूस तिलाच मान डोलावतं, आणि मग त्याची स्वतःची आठवण कोणती आणि आपली कोणती हे कधीच वेगळं करता येत नाही.

‘युद्धात काय बनवत होते?’ हा प्रश्न गाळा. त्याऐवजी दिवस विचारा. सकाळी किती वाजता निघत, सायकलने की लोकलने, डब्यात काय असे, भोंगा घरी ऐकू यायचा का, रविवारी सुट्टी होती का, घरी कामावरचं कोण यायचं. या उत्तरांतून विभाग, पाळी आणि सहकाऱ्यांची नावं बाहेर पडतात.

साल आठवत नसेल तर मोठ्या घटनेशी जोडा. ऑगस्ट 1942 च्या धरपकडीच्या वेळी ते कुठे होते? 24 जानेवारी 1943 ला पुणे कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरात बॉम्ब फुटला, तेव्हा कारखान्याच्या दारावर झडती वाढली का? 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला, त्या दिवशी ते घरी होते का? मुंबईकर आजी साल सांगू शकणार नाही, पण ‘गोदीच्या स्फोटाआधी की नंतर’ हे ती लगेच सांगेल. त्याहून जवळच्या खुणा घरच्याच असतात. ‘ताईच्या बारशाला मामा होते का?’ या एका प्रश्नाने आमच्या मामांचा जबलपूरचा काळ सहा महिन्यांच्या आत बसला.

रेकॉर्डिंग परवानगी विचारूनच करा. भेट तासाभरापेक्षा लांबवू नका. घरी परत आल्यावर त्याच रात्री टिपण लिहा आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: स्वतः पाहिलेलं, की कुणाकडून ऐकलेलं.

सावधान. काही जण सांगतात, ‘मी सही केली आहे, बोलणार नाही.’ त्यांच्यावर दबाव आणू नका. गोपनीयतेचा कायदा 1923 चा आहे आणि आजही लागू आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या माणसाने ऐंशी वर्षं शब्द पाळला आहे. मिश्रणं, प्रमाणं, यंत्रांची रचना हे आपल्याला नकोच आहे. आपल्याला माणूस हवा आहे. तेवढं त्यांना स्पष्ट सांगितलं की बरेचदा ते आपणहून जेवणाच्या सुट्टीबद्दल, अपघातात गेलेल्या मित्राबद्दल बोलू लागतात.

आणखी एक. आठवणींच्या भरात कारखान्याच्या फाटकाशी जाऊन फोटो काढू नका. ती प्रतिबंधित जागा आहे.

## 5. ग्रुप फोटो

निरोप समारंभाचा फोटो हा ओळखीतून शोध घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा ठेवा. मूळ फोटो स्कॅन करा. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. मग एका प्रतीवर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या. नाव एकही लिहू नका.

ही कोरी, क्रमांकांची प्रत वेगवेगळ्या घरी वेगवेगळी दाखवा आणि उत्तरं वेगळ्या कागदावर घ्या. दोन घरांनी एकमेकांशी न बोलता एकच नाव सांगितलं तर ते पक्कं धरा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हे मामा आहेत ना?’ असं लिहून फोटो टाकणं. दहा मिनिटांत पंधरा जण ‘हो, तेच’ म्हणतात. त्या पंधरा उत्तरांची किंमत एका उत्तराइतकीही नसते.

बसण्याचा क्रम वाचा. खुर्च्यांवर अधिकारी, मागे उभे कर्मचारी, पुढे जमिनीवर तरुण मुलं. हार ज्याच्या गळ्यात, निरोप त्याचा. आपला माणूस खुर्चीवर आहे की मागच्या रांगेत, यावरून हुद्द्याचा अंदाज कागदाशी ताडता येतो.

## 6. सहकाऱ्यांची घरं

फोटोतून आणि भेटीतून पाच-सहा नावं मिळतात. ही माणसं गेलेली असतात, पण त्यांची मुलं असतात. रेंजहिल्ससारख्या वसाहतींत वाढलेली मुलं एकमेकांना शाळेपासून ओळखतात. एक सापडलं की तीन सापडतात. निवृत्त कामगारांच्या पेन्शनर संघटनांत जाऊन बसा. वडिलांच्याच कारखान्यात मुलगाही लागला, अशी घरं तिथे भेटतात.

काही सहकारी फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. अखंड हिंदुस्थानातले सगळे ऑर्डनन्स कारखाने भारताकडे राहिले होते, त्यामुळे पाकिस्तानला 1951 मध्ये वाह इथे नव्याने कारखाना सुरू करावा लागला. तिथे गेलेल्यांच्या नातवंडांकडे खडकी-जबलपूरचे फोटो असणं अगदी शक्य आहे.

गोरे साहेब शोधायचे असतील तर ट्रंकेतली नाताळची कार्डं काढा. 1947 नंतरही काही जण लिहीत असत. नाव मिळालं की ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’चा ऑनलाइन साठा पाहा, ब्रिटिश उद्योगांचा ‘ग्रेसेस गाईड’ पाहा, आणि इंग्लंडच्या मृत्युपत्रांची सूची पाहा. त्या सूचीत शेवटचा पत्ता असतो. साहेबाच्या कुटुंबाला पहिलं पत्र एका पानाचं लिहा: मी कोण, आपले आजोबा आणि माझे आजोबा कुठे एकत्र होते, सोबत फोटोची प्रत. मागणी दुसऱ्या पत्रात करा.

सावधान. सहकाऱ्यांच्या घरून मिळालेली कौटुंबिक माहिती त्यांना न विचारता कुठेही छापू नका. कारखान्यातला अपघात, दारू, दुसरं लग्न, सगळं निघतं. ते त्यांचं आहे.

## 7. आता सरकारी कागद

इथपर्यंत येण्याआधी अर्ज केलात तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येईल, कारण कुणाला, कुठे, कोणत्या सालात शोधायचं हे तुम्हालाच माहीत नसेल.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. 1 ऑक्टोबर 2021 ला जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. जुन्या बोर्डाच्या नावाने अर्ज करू नका. अर्जात पूर्ण नाव, हुद्दा, विभाग, नोकरीची सालं लिहा, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडा, आणि फक्त सेवापुस्तकाची प्रत आणि ज्येष्ठता यादीतली नोंद मागा. उत्पादनाबद्दल एक ओळही नको, नाहीतर सुरक्षेच्या कलमाखाली सगळाच अर्ज बाजूला पडू शकतो. वीस वर्षांहून जुन्या बाबींची माहिती काही अपवाद सोडून द्यावी, असं कायद्याचं कलम 8(3) सांगतं, त्याचा उल्लेख करा.

पेन्शनचा आदेश क्रमांक हाती असेल तर प्रयागराजचं संरक्षण पेन्शन कार्यालय हा दुसरा रस्ता.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे पोर्टल घरबसल्या चाळता येतं. तिथे फक्त लष्करी खात्यात शोधून थांबू नका. युद्धकाळात दारूगोळ्याच्या उत्पादनाचा कारभार सप्लाय खात्याकडे होता, आणि त्या फायली त्याच नावाखाली आहेत. नेमणुका गॅझेट ऑफ इंडियात छापल्या जात. रावसाहेब-रावबहादूर किंवा एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाल्याची गोष्ट घरात असेल तर जानेवारी आणि जूनच्या सन्मान-याद्या पाहा. एमबीईसाठी ‘लंडन गॅझेट’ फुकट शोधता येतं. तिथे नाव नसेल तर आधी स्पेलिंग बदलून पाहा.

## 8. जुळवाजुळव

तीन रकाने करा: कागदावर असलेलं, दोन घरांनी स्वतंत्रपणे सांगितलेलं, आणि एकाच घरात ऐकलेलं. लिहिताना तिसऱ्या रकान्यातली प्रत्येक गोष्ट ‘घरात सांगतात की’ अशीच लिहा. ‘त्यांनी अमुक शोध लावला’ हे वाक्य जवळजवळ नेहमी तिसऱ्या रकान्यात येतं. शस्त्राची रचना एका माणसाच्या नावावर क्वचितच असते. ड्रॉइंगमध्ये सुचवलेली दुरुस्ती, नवं गेज, वाया जाणारा माल कमी करण्याची युक्ती हे खरं काम, आणि ते कधीकधी सेवापुस्तकातल्या एका ओळीच्या शाबासकीत सापडतं. आमच्या मामांची अशी ओळ सापडली तेव्हा आईने ती दोनदा मोठ्याने वाचायला लावली.

रकाने एकमेकांशी भांडत असतील तर कागद बरोबर आणि माणूस चूक असं आपोआप धरू नका. जन्मतारखेबाबत कागद खोटा असतो, बदलीच्या महिन्याबाबत आजी खरी असते.

आणलेले मूळ कागद आठवड्याभरात परत करा, स्कॅनची प्रत सोबत द्या, आणि ज्या ज्या घराने मदत केली त्यांना तयार झालेलं टिपण आधी वाचायला द्या. पुढची नावं बहुधा तेव्हाच निघतात. आमच्या फोटोतला 14 क्रमांकाचा चेहरा अजून कोरा आहे. टिपण वाचून जबलपूरच्या एका आजींनी निरोप पाठवला आहे की तो त्यांचा दीर असावा. नाव फोनवर सांगू नका, असं मी त्यांना कळवलं आहे. क्रमांकांची कोरी प्रत पोस्टाने गेली आहे.